तेवढ्यात

गोष्ट सांगताना आपण 'तेवढ्यात' हा शब्द किती सहज वापरतो. ती दार उघडायला उठली, तेवढ्यात फोन वाजला. त्याने कागदावर सही केली आणि तेवढ्यात दिवे गेले. ऐकणाऱ्याचे या शब्दापाशी काही अडत नाही, कारण कशानंतर काय झाले हे सांगणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. संगणकाच्या ज्या प्रणालींत अनेक प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, एकाच वेळी चालतात, तिथे मात्र 'तेवढ्यात' कुठे येईल हे कोणीच ठरवलेले नसते. तो प्रोग्रॅमच्या कोणत्याही दोन ओळींच्या मध्ये येऊ शकतो, इतकेच नव्हे, तर एकाच ओळीच्या पोटातही येऊ शकतो. गेली अनेक वर्षे मी अशा प्रणालींची गणिती मॉडेल मांडण्याचे आणि ती तपासण्याचे काम करते आहे. या शाखेला 'फॉर्मल मेथड्स' असे भारदस्त नाव आहे, पण माझ्यापुरता मी त्याला 'तेवढ्यात'चा अभ्यास म्हणते.

सर्वांत लहान उदाहरण घेते, कारण मला स्वतःला हा विषय त्यातूनच उमगला. दोन प्रोसेस आहेत आणि दोघींमध्ये एक सामायिक आकडा आहे, जो सुरुवातीला शून्य आहे. प्रत्येकीने त्यात एक मिळवायचा आहे. प्रोग्रॅममध्ये हे काम एका ओळीचे दिसते, पण यंत्र ते तीन पायऱ्यांत करते: आकडा वाचायचा, आपल्याजवळ त्यात एक मिळवायचा आणि उत्तर परत लिहायचे. दोघींच्या मिळून सहा पायऱ्या होतात आणि प्रत्येकीचा स्वतःचा क्रम न मोडता त्या एकमेकींत नेमक्या २० प्रकारे मिसळता येतात. अपेक्षित उत्तर २ आहे. या २० पैकी किती प्रकारांत ते येते? फक्त दोन. एकीचे लिहून झाल्यावर दुसरीने वाचले, तरच बेरीज बरोबर येते. लिहिणे ही शेवटची पायरी आणि वाचणे ही पहिली असल्यामुळे, एकीचे सगळे काम आटोपल्याखेरीज दुसरीचे सुरूच होता कामा नये. उरलेल्या १८ प्रकारांत उत्तर १ येते. आणि तरीही हा प्रोग्रॅम प्रत्यक्षात चालवून पाहिला, तर बहुतेक वेळा २ हेच उत्तर मिळते, कारण तीन पायऱ्या इतक्या झटकन उरकतात की त्यांच्या मध्ये दुसरीला शिरायला क्वचितच सवड मिळते. शक्यता मोजल्या तर २० पैकी १८ वेळा चूक, आणि अनुभव पाहिला तर चूक जवळजवळ नाहीच. या दोन हिशोबांतले अंतर हेच आमच्या कामाचे मूळ आहे.

हेच उदाहरण थोडे वाढवू. प्रत्येक प्रोसेसने एक मिळवण्याचे काम दहा वेळा करायचे आहे. सगळे सुरळीत झाले तर उत्तर २० येईल. वाईटात वाईट काय येईल, असे विचारले तर बहुतेक जण १० म्हणतात आणि मीही तेच म्हणाले होते. खरे उत्तर २ आहे. पहिली प्रोसेस शून्य वाचते आणि तिथेच थांबते. दुसरी आपल्या नऊ फेऱ्या पूर्ण करते, आकडा ९ होतो. आता पहिली जागी होते आणि आपल्याजवळचा शिळा १ लिहून टाकते, दुसरीची नऊ फेऱ्यांची मेहनत पुसली जाते. दुसरी आपल्या दहाव्या फेरीसाठी हा १ वाचते आणि थांबते. पहिली उरलेल्या नऊ फेऱ्या करून आकडा १० वर नेते आणि संपते. शेवटी दुसरी उठून, मघाशी वाचलेल्या १ मध्ये १ मिळवून २ लिहिते. उत्तर १ मात्र कधीच येऊ शकत नाही, कारण एकदा कोणी काही लिहिल्यावर तिथे शून्य पुन्हा कोणालाही दिसत नाही. हा धागा कागदावर पहिल्यांदा उलगडला, तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले होते. यातली एकही पायरी नियमबाह्य नाही, कोणी काही चुकीचे केलेले नाही, आणि तरी वीसचे दोन झाले.

माणसाचे मन एका धाग्याने विचार करते, असे मला वाटते. आपण मनात प्रोग्रॅम चालवतो तेव्हा एक प्रोसेस पुढे नेतो आणि बाकीच्यांना नकळत थांबवून ठेवतो. 'इतक्या कमी वेळात कोण मध्ये येणार आहे?' हे वाक्य आपण स्वतःशी उच्चारतसुद्धा नाही, पण ते प्रत्येक ओळीखाली दडलेले असते. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राची हकिकत या वाक्याची किंमत सांगते. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने रुग्णांना किरणांची प्रचंड जादा मात्रा दिल्याचे सहा अपघात ज्ञात आहेत आणि त्यांत मृत्यूही झाले. त्यांतल्या काहींच्या मुळाशी असे होते की, यंत्रातील चुंबक जागेवर बसायला सुमारे ८ सेकंद लागत आणि सरावलेल्या तंत्रज्ञाने तेवढ्यात पडद्यावरची माहिती दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. नवखा माणूस हळू टाइप करतो, म्हणून चाचण्यांत हे दिसले नाही. आधीच्या पिढीच्या यंत्रांत धोका अडवणारी स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था होती, त्यामुळे तशीच चूक तिथे असूनही ती झाकलेली राहिली होती. हा वृत्तांत मी दर काही वर्षांनी पुन्हा वाचते आणि दर वेळी त्या ८ सेकंदांपाशी थांबते.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग इतका गंभीर नव्हता, पण मला या वाटेवर आणणारा तोच. एका यंत्रणेत एक नियंत्रक एका उपकरणाला आज्ञा पाठवत असे आणि 'मिळाली' असे उत्तर येण्याची वाट पाहत असे. दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर तो तीच आज्ञा पुन्हा पाठवी. उपकरण कामात असले, तर त्याला उत्तर द्यायला तीन सेकंदांपर्यंत वेळ लागू शके. महिन्यातून एखाद्या वेळी एक आज्ञा नाहीशी होत होती. नियंत्रकाच्या लॉगमध्ये, म्हणजे घटनांच्या नोंदवहीत, ती पोहोचल्याची नोंद असे आणि उपकरणाला ती मिळालेलीच नसे. जास्त तपशील कळावा म्हणून आम्ही लॉग वाढवला, तर चूक दिसेनाशी झाली, कारण लॉग लिहिण्यात जाणाऱ्या वेळाने सगळ्या घटना जराशा सरकल्या होत्या. शेवटी कोणीतरी, प्रत्येक उत्तरानंतर अर्धा सेकंद थांबायचे आणि त्या वेळात आणखी काही आले तर टाकून द्यायचे, अशी ओळ घातली. तक्रारी कमी झाल्या आणि प्रश्न सुटला असे ठरले. मला त्या अर्ध्या सेकंदाने झोप लागू दिली नाही. तो पाव सेकंद का नाही, एक सेकंद का नाही, या प्रश्नाला कोणाजवळच उत्तर नव्हते.

या प्रश्नांची उत्तरे शोधणारे लोक माझ्या कितीतरी आधी होऊन गेले होते. कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात ज्या कल्पनांचा पाया घातला, त्यांतून पुढे 'पेट्री नेट' उभे राहिले. त्यात गोल म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे घटना आणि गोलांमध्ये ठेवलेली टोकन. घटना घडायची तर तिला लागणारी सगळी टोकन जागेवर हवीत. घडली की ती उचलली जातात आणि पुढच्या गोलांत नवी ठेवली जातात. यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की, ज्या दोन घटना एकाही टोकनासाठी एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्यांच्यात आधी कोणती आणि नंतर कोणती हा प्रश्नच उरत नाही. लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ साली वेगवेगळ्या ठिकाणी चालणाऱ्या संगणकांबद्दल हेच फार नेमकेपणाने मांडले: एका घटनेचा परिणाम दुसरीपर्यंत पोहोचू शकत असेल, तरच ती 'आधीची', नसेल तर त्या दोघींत क्रम नाही. त्याच वर्षी टोनी होअर यांनी केवळ संदेशांनी बोलणाऱ्या प्रोसेसची भाषा मांडली आणि १९८० मध्ये रॉबिन मिल्नर यांनी अशा प्रोसेसचे बीजगणित दिले. दोन्हींबद्दल स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण माझ्या हकिकतीला त्याहून वेगळी दोन साधने उपयोगी पडली.

त्यांतले पहिले अमीर प्नुएली यांचे. १९७७ साली त्यांनी दाखवले की, सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल बोलायला 'सदैव' आणि 'कधी ना कधी' असे काळाचे शब्द असलेले तर्कशास्त्र वापरता येते. बेरीज करणारा प्रोग्रॅम संपतो आणि मग त्याचे उत्तर तपासता येते, पण सिग्नल सांभाळणारा प्रोग्रॅम संपणे हीच चूक असते. त्याच्याबद्दल विचारायचे प्रश्न वेगळे असतात. दोन्ही बाजूंचे सिग्नल एकाच वेळी हिरवे होत नाहीत, हे सदैव खरे आहे का? वाट पाहणाऱ्याला कधी ना कधी हिरवा मिळतो का? पहिल्या प्रकारात वाईट गोष्ट घडू नये असे म्हणणे असते आणि दुसऱ्यात चांगली गोष्ट घडल्याशिवाय राहू नये असे. दोन्ही विचारावे लागतात, कारण सगळे सिग्नल कायमचे लाल ठेवले तर पहिली अट अगदी बिनतोड पाळली जाते.

प्रश्न नेमका झाला की तो यंत्राला विचारता येतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एडमंड क्लार्क आणि अ‍ॅलन एमर्सन यांनी आणि फ्रान्समध्ये जोसेफ सिफाकिस यांनी जाँ-पियेर केय यांच्यासह, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मॉडेल चेकिंगची पद्धत काढली. प्रणालीच्या सर्व शक्य अवस्था एकेक करून पालथ्या घालायच्या आणि नको असलेली अवस्था सापडली, तर तिथपर्यंतची वाट पायरीपायरीने दाखवायची. क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस यांना यासाठी २००७ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. अडचण अवस्थांच्या संख्येची. प्रत्येकी दहा अवस्था असलेल्या दहा प्रोसेस एकत्र आणल्या, तर एक हजार कोटी एकत्रित अवस्था होऊ शकतात. ही वाढ आटोक्यात ठेवण्याच्या युक्त्या शोधण्यात कित्येकांनी उभे आयुष्य घातले आहे. १९९० पर्यंत एकावर वीस शून्ये इतक्या अवस्था, त्या सुट्या न मोजता त्यांचे संच एकत्र हाताळून, तपासता येऊ लागल्या होत्या.

पण माझ्या अडचणीला 'कधी ना कधी' पुरणार नव्हते. गाडीचा ब्रेक कधी ना कधी लागेल, या आश्वासनाचा कोणाला काय उपयोग? तिथे 'वेळेत' हा शब्द हवा, आणि 'वेळेत' म्हटले की अवस्था मोजण्याचा मार्गच बंद झाल्यासारखा वाटतो, कारण वेळ अखंड आहे आणि दोन क्षणांच्या मध्ये नेहमी तिसरा असतो. १९९० मध्ये राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी यातून काढलेली वाट मला आजही सुंदर वाटते. त्यांच्या 'टाइम्ड ऑटोमेटा' या मॉडेलमध्ये अवस्था आणि एकीतून दुसरीत नेणारे बाण असतातच, शिवाय काही घड्याळे असतात. सगळी एकाच गतीने चालतात, बाणावरून जाताना हवे ते घड्याळ शून्यावर आणता येते आणि बाणावर 'हे घड्याळ २ च्या पुढे गेले असेल तरच' अशा अटी लिहिता येतात. अटींत फक्त पूर्णांक असतील, तर ०.३ आणि ०.४ यांत भेद करण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येक घड्याळाचा पूर्ण भाग किती आणि कोणाचा अपूर्णांक पुढे आहे, एवढे कळले की पुढे काय काय घडू शकते ते ठरते. समजा दोन घड्याळे आहेत आणि अटींमध्ये एकाचा आकडा २ पर्यंत, दुसऱ्याचा १ पर्यंतच जातो. मग दोघांच्या सगळ्या अनंत वाचनांचे प्रतल ६ बिंदू, १४ रेषाखंड आणि ८ तुकडे अशा २८ भागांत विभागले जाते आणि तपासायला हे २८ पुरतात. अनंतातून अठ्ठावीस! मात्र यात घड्याळ मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली, तर नको ती अवस्था गाठता येते का हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी पद्धतच असू शकत नाही, हे सिद्ध झाले आहे. इतक्या अरुंद कडेवरून ही वाट जाते.

या सिद्धांतावर उभारलेले 'उप्पाल' हे टूल स्वीडनमधील उप्पसाला आणि डेन्मार्कमधील आलबोर्ग या विद्यापीठांनी मिळून १९९५ पासून उपलब्ध केले. त्याची एक जुनी कामगिरी मला फार धीर देऊन गेली. बँग अँड ओलुफसेन या कंपनीच्या उपकरणांत एकाच तारेवरून संदेश पाठवणारा, सुमारे २,८०० ओळींचा असेंब्ली (यंत्राच्या अगदी जवळच्या) भाषेतला प्रोग्रॅम दशकाहून अधिक काळ वापरात होता. अधूनमधून संदेश हरवतात हे कंपनीला ठाऊक होते, पण नेहमीच्या चाचण्यांनी चूक हाती लागत नव्हती. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे मॉडेल उप्पालमध्ये मांडले गेले, चुकीपर्यंतची वाट टूलने आपणहून काढून दिली आणि नंतर केलेली दुरुस्तीही त्यातच तपासून बरोबर ठरली. हरवणारे संदेश, वेळेवर अवलंबून असलेली चूक, वर्षानुवर्षे न सापडलेले कारण: हे वाचताना मला माझीच यंत्रणा दिसत होती.

मी माझे मॉडेल मांडले. नियंत्रकाला एक घड्याळ, उपकरणाला एक आणि उत्तरे आणणाऱ्या मार्गाला एक. 'नियंत्रकाच्या हिशेबी पोहोचलेली आज्ञा उपकरणाला मिळालेली नाही, असे कधी होऊ शकते का?' या प्रश्नाला टूलने क्षणभरात 'नाही' असे उत्तर दिले. मला आनंद व्हायला हवा होता, पण चूक तर प्रत्यक्षात घडत होती. मग मी वेगळाच प्रश्न विचारला: 'या मॉडेलमध्ये दहा सेकंद उलटू शकतात का?' उत्तर आले, नाही. उपकरणाने तीन सेकंदांच्या आत उत्तर दिलेच पाहिजे असे मी लिहिले होते, पण समोर नियंत्रक उत्तर घ्यायला तयार नसेल तर काय, हे लिहिलेच नव्हते. त्यामुळे तिसऱ्या सेकंदाला उपकरण पुढेही जाऊ शकत नव्हते आणि थांबूही शकत नव्हते. माझ्या मॉडेलमध्ये काळच गोठला होता, आणि गोठलेल्या काळात काही वाईट घडत नाही, हे खरेच आहे. तेव्हापासून मी कोणत्याही मॉडेलला आधी जे घडायलाच हवे ते घडू शकते का, असे विचारते आणि जे घडू नये ते नंतर.

मॉडेल दुरुस्त केल्यावर चुकीपर्यंतची वाट मिळाली. शून्य सेकंदाला पहिली आज्ञा गेली. दोन सेकंदांनी, उत्तर न आल्यामुळे, तीच पुन्हा गेली. २.५ ला पहिल्या प्रतीचे उत्तर आले. २.६ ला नियंत्रकाने पुढची आज्ञा पाठवली आणि ती तारेवर हरवली. ती पुन्हा पाठवण्याची वेळ ४.६ ला येणार होती, पण ४.५ ला पहिल्या आज्ञेच्या दुसऱ्या प्रतीचे उत्तर आले आणि नियंत्रकाने ते नव्या आज्ञेचे समजून घेतले. जे आम्ही दोन महिने शोधत होतो, ते एका दशांश सेकंदाच्या फटीत बसले होते. मी मॉडेलमध्ये अर्ध्या सेकंदाचे ते थांबणेही घालून पाहिले: दुसरी आज्ञा ३ ला गेली, तिची मुदत ५ ला, आणि शिळे उत्तर ४.५ ला. चूक तशीच राहिली, फक्त विरळ झाली होती.

उपाय जुनाच होता. प्रत्येक संदेशावर ० किंवा १ असा खूणेचा बिट लावायचा आणि त्याच खुणेचे उत्तर आले तरच मानायचे, ही युक्ती १९६९ पासून प्रसिद्ध आहे. मी ती मॉडेलमध्ये घातली आणि टूलने दुसरी वाट दाखवली. आमच्याकडे उत्तरे दोन मार्गांनी येत असत आणि मागून निघालेले उत्तर आधी पोहोचू शकत असे. २.६ ला निघालेल्या दुसऱ्या आज्ञेचे उत्तर २.९ ला आले, ३ ला तिसरी आज्ञा गेली आणि हरवली. तिच्यावर पुन्हा ० ही खूण होती, आणि ४.५ ला पहिल्या आज्ञेचे शिळे उत्तर तीच खूण घेऊन आले. एक बिट पुरतो तो क्रम न बदलणाऱ्या वाटेवर, ही अट पुस्तकात मी वाचली होती आणि तिच्यावरून पुढेही गेले होते.

मग मात्र हिशोब मांडता आला. कोणतेही उत्तर तीन सेकंदांपेक्षा शिळे असू शकत नाही आणि नियंत्रक एका सेकंदात दहापेक्षा जास्त आज्ञा पाठवत नाही, म्हणजे एखादे शिळे उत्तर वाटेत असताना फार तर तीसेक नव्या आज्ञा निघतील. ० ते २५५ हे क्रमांक फिरवून वापरले, तर तोच क्रमांक पुन्हा येईपर्यंत शिळे उत्तर नक्की येऊन गेलेले असेल. टूलने हे मान्य केले, काळ पुढे जातो हेही मान्य केले, आणि मग मी त्याला अर्ध्या सेकंदाचे थांबणे काढून टाकल्यास काय होईल ते विचारले. काहीच बिघडत नव्हते. ती ओळ आम्ही पुसली. तीन सेकंद आणि सेकंदाला दहा आज्ञा, ही दोन गृहीतके मी मॉडेलच्या माथ्यावर ठळक लिहिली आणि ते प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवले.

मी ते काम सोडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी तिथल्या एका तरुण सहकाऱ्याचे पत्र आले. उपकरण बदलले होते आणि नव्याला उत्तर द्यायला कधीकधी चार सेकंद लागत होते. त्याने आधी मॉडेलमधल्या तीनाचे चार केले होते, तपासणी चालवली होती आणि ती पार पडली होती. त्याचा प्रश्न एवढाच होता की, सेकंदाला दहा हा आकडा मी मोजून लिहिला होता की कोणी सांगितला म्हणून. तो सांगितलेला होता. मी त्याला तसे कळवले, आणि त्याने मोजायला घेतले.